मानेवरचे मस: काढण्याआधी काय बघायचं, काढताना काय होतं

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ४२. मानेभोवती आणि दोन्ही काखांत मोहरीच्या दाण्याएवढे बरेच मस आहेत, डाव्या पापणीवर एक आहे. मंगळसूत्रात अडकून एखादा दुखावतो, कधी रक्तही येतं. सासूबाई सांगतात, 'घोड्याचो केस बांध, आपसूक गळान पडतलो.' शेजारीण चुना आणि सोडा लावायला सांगते. बाजारातल्या पार्लरमध्ये 'मशीनने जाळून देतो' म्हणाले. मोबाईलवर जाहिरात बघून मागवलेली एक बाटली घरात न उघडता पडून आहे. वैशाखात पुतणीचं लग्न आहे, त्याआधी हे काढून टाकायचंय. दुखेल का, डाग राहतील का, एक काढला की दहा येतात हे खरं का, हा कॅन्सर तर नाही ना, असं सगळं त्यांनी विचारलंय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: 'मुलगी १६ वर्षांची आहे, तिची मान काळी पडलीय, कितीही घासली तरी जात नाही. तिलापण असे मस येतील का?'

ताई, मनातली मोठी भीती आधी दूर करूया. मऊ, कातडीच्याच रंगाचे, बारीक देठावर लोंबणारे आणि वर्षानुवर्षं जवळपास तेवढेच राहिलेले, असं तुम्ही वर्णन केलंय. त्यावरून ते बहुधा साधे मस आहेत. दवाखान्यात आम्ही त्यांना स्किन टॅग म्हणतो. आत सैलसर तंतू, एकदोन बारीक रक्तवाहिन्या, कधी थोडी चरबी, आणि वरून तुमची नेहमीचीच त्वचा. हा कॅन्सर नाही. तो संसर्गानेही पसरत नाही, त्यामुळे एकाच टॉवेलने अंग पुसलं म्हणून मुलीला लागणार नाही. जिथे त्वचा त्वचेवर घासते किंवा दागिना, शिवण, गळ्यातली माळ घासते तिथे तो येतो: मान, काख, स्तनांखालचा भाग, जांघ. पापण्यांवरही येतो. वय वाढलं, वजन वाढलं, घरात आईला-मावशीला होते, बाळंतपण होऊन गेलं, की संख्या वाढत जाते. हे आयुष्यभर तसेच ठेवले तरी काही बिघडत नाही. पण तुमचे अडकतात, रक्त येतं, तेव्हा काढायला ते कारण पुरेसं आहे. आणि कुणाला नुसते दिसायला नको वाटतात म्हणून काढायचे असतील तर तेही कारण पुरेसं आहे. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

एक काढला की दहा येतात हे खरं नाही. काढलेला मस सहसा परत उगवत नाही. मात्र ज्याच्या त्वचेचा कल मस येण्याकडे आहे त्याला पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या जागी नवे येतात, आणि लोक त्याचा संबंध काढण्याशी जोडतात. नवे येणं थांबवायचं तर त्यांच्या कारणाकडे बघावं लागतं. त्याबद्दल पुढे सांगते, कारण तुमच्या मुलीबद्दलची ओळ मला तिथेच महत्त्वाची वाटते.

या सगळ्यात काढणं हे सर्वांत सोपं काम आहे. त्याआधी जाणत्या माणसाने चांगल्या उजेडात, मान, कान, काख, पाठ नीट बघणं, हे खरं काम. तेवढ्यासाठी तरी डॉक्टरकडे जा असं मी आग्रहाने सांगते. मस म्हणून दाखवायला येणाऱ्या गोष्टींमध्ये बरंच काही दुसरं निघतं. चामखीळ खरखरीत असते, विषाणूने होते, पसरते, आणि तिचा उपचार वेगळा. उतारवयात पाठीवर-कपाळावर मेण चिकटवल्यासारखे तपकिरी थर येतात, तेही निरुपद्रवी, पण मस नव्हेत. जन्मखूण किंवा तीळ वर उचलला गेला की तो हुबेहूब मसासारखा दिसू शकतो. बोटाने दाबल्यावर आत घुसल्यासारखे वाटणारे मऊ गोळे अंगभर असतील आणि सोबत कॉफीच्या रंगाचे चट्टे असतील, तर ती न्यूरोफायब्रोमा नावाची गोष्ट असू शकते. ती बऱ्याचदा आनुवंशिक असते आणि तिची वेगळी तपासणी लागते. कानाच्या पाळ्या जाड झाल्यात, त्यावर गाठी आहेत आणि हातापायाला कुठे बधिर जागा आहे, असं असेल तर आम्ही कुष्ठरोगाचा विचार करतो. लवकर सापडला तर तो पूर्ण बरा होतो, औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण पाळीवरची गाठ 'मस' म्हणून कुणी जाळून टाकली तर मूळ आजार मागे राहतो आणि नसा खराब होत जातात.

क्वचित एखादी वाढ खरोखरच वाईट निघते. म्हणून काही खुणा लक्षात ठेवा: थोड्या महिन्यांत झपाट्याने वाढली, न घासता आपणहून रक्त आलं, एकाच डागात दोनतीन रंग दिसू लागले, कडा वेड्यावाकड्या झाल्या, हाताला कडक लागते, वरची खपली पडते आणि पुन्हा धरते. यातलं काही असेल तर लग्नाची तारीख बाजूला ठेवून आधी दाखवा. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत रंगपेशींचा कॅन्सर तळपाय, तळहात आणि नखाखाली जास्त आढळतो. मानेवरचा मस दाखवायला आलाच आहात तर पायाच्या तळव्यावर नव्याने आलेला काळा डागही दाखवून घ्या. चिखलात अनवाणी वावरणाऱ्या माणसाचा तळवा घरात कुणीच बघत नाही.

उलट, एखादा मस एका रात्रीत काळानिळा होऊन दुखायला लागला तर लगेच घाबरू नका. देठाला पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो, तो वाळतो आणि काही दिवसांत गळून पडतो. तरीही एकदा दाखवावा, कारण काळा रंग कशाने आला हे घरच्या घरी ठरवता येत नाही.

आता मुलीची मान. तुम्ही ही गोष्ट शेवटी लिहिलीत, मी मात्र सर्वांत आधी तिला बघेन. मानेच्या मागे, काखेत, कधी बोटांच्या पेरांवर त्वचा काळपट आणि जाडसर होते, हात फिरवला तर मखमलीसारखी लागते. आई बिचारी मळ समजून काथ्याने, वज्रीने, लिंबू-सोड्याने घासत राहते. तो मळ नसतो. बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसतं, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला उद्युक्त करतं. मानेचं काळवंडणं आणि मानेवरचे मस हे बऱ्याचदा याच एका कारणाने होतात, म्हणूनच ते एकत्र दिसतात. घासल्याने त्वचा आणखी चिडते आणि आणखी काळी पडते. तेव्हा पहिली गोष्ट, आजपासून घासणं बंद.

दुसरी गोष्ट, रक्ताची तपासणी. मुलीची आणि तुमचीही. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा वर दोनदा आली तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ५.७ च्या खाली असावी, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. यासोबत रक्तदाब आणि कमरेचा घेर बघायचा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही आम्ही धरतो ती मर्यादा. मुलीची पाळी दोनदोन महिने लांबते का, हनुवटीवर जाड केस येतात का, हेही विचारा. असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. या वयात लक्ष दिलं तर वजनात थोडा फरक पडला तरी मान उजळायला लागते, आणि पुढचा मधुमेह लांबवता येतो. गोरं करणारी क्रीम, त्यातही मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली क्रीम, मानेवर अजिबात लावू नका. पहिले काही दिवस उजळल्यासारखं वाटतं, नंतर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि मूळ कारण तसंच राहतं.

हे वाचून मस असलेल्या प्रत्येकाने मधुमेहाच्या भीतीने झोप घालवू नये. सडपातळ, साखर अगदी उत्तम असलेल्या कितीतरी लोकांना केवळ घराण्यातून मस येतात. पण एक साधी रक्ततपासणी करून घेतली की शंका राहत नाही. ज्या दवाखान्यात मस काढून देतात पण साखरेबद्दल एक शब्द विचारत नाहीत, तिथे काम अर्धंच झालं असं मी समजते.

घरगुती उपायांबद्दल मला मनापासून बोलायचंय, कारण त्यांनी झालेल्या जखमा कोकणात फार बघायला मिळतात आणि त्यातली प्रत्येक टाळता आली असती. घोड्याचा केस किंवा रेशमी दोरा बांधण्यामागचा विचार चुकीचा नाही. देठ आवळला, रक्त थांबलं की मस वाळतो. पण घरात तो अर्धवट आवळला जातो. मग मस सुजतो, निळा पडतो, ठणकतो, पू होतो, आणि सुजलेल्या देठात रुतलेला केस काढायला माणूस आमच्याकडे येतो. ज्याची साखर वाढलेली आहे त्याच्यात हा संसर्ग मानेभर पसरायला वेळ लागत नाही.

चुना आणि धुण्याचा सोडा हे त्याहून वाईट. ओला चुना आणि सोडा एकत्र झाला की त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो. साबण कारखान्यात हातमोजे घालून हाताळतात तोच. अल्कली त्वचेचे थर विरघळवत खाली उतरत राहते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि दुखायला लागेपर्यंत आत खड्डा पडलेला असतो. मस जातो हे खरं, पण त्याबरोबर आजूबाजूची रुपयाएवढी चांगली कातडीही जाते. असं काही लागलंच तर लिंबू-व्हिनेगर काही लावत बसू नका, सुका चुना आधी फडक्याने झटकून टाका आणि वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटं धरून मग दवाखाना गाठा.

आणि काजूचं तेल, म्हणजे टरफलातला काळा चीक. काजूबिया फोडणाऱ्या बायकांना मी काय सांगणार, त्यांच्या बोटांची कातडी सोलवटलेली असते ती याच चिकाने. बिब्ब्याचंही तसंच. काजू, बिब्बा आणि आंबा तिन्ही एकाच कुळातली झाडं, त्यांच्या चिकातली रसायनं एकमेकांच्या जवळची. त्यामुळे ज्याला हापूसच्या चिकाने ओठांभोवती फोड येतात त्याने मसावर काजूचं तेल लावलं तर नुसती जागा भाजत नाही, दोन दिवसांनी अख्खी मान लाल होऊन पाण्याने भरलेल्या फोडांनी भरते. सावंतवाडीकडच्या एका काजू कारखान्यात काम करणारी बाई अशीच आली होती. मानेवरचे तीन मस घालवायला तिने काडीने तेल टेकवलं, घामाबरोबर ते ओघळत गळ्यापासून छातीपर्यंत गेलं. मस होते तिथेच होते. गळ्यावर मात्र वरून खाली काळा पट्टा उमटला होता, आणि तो फिकट व्हायला वर्ष लागलं. रुईचा चीक, शेराचा चीक यांनाही हेच लागू आहे, आणि ते डोळ्यात गेले तर नजर जाऊ शकते. तुमच्या पापणीवरच्या मसाला यातलं काहीही लावायचं नाही.

घरातली ती बाटली उघडूच नका. जाहिरातीत 'नैसर्गिक' लिहिलेलं असतं, पण अशा उत्पादनांत तीव्र सॅलिसिलिक आम्लासारखे पदार्थ असू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीळ किंवा मस घरी काढण्यासाठी एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही, आणि असं विकणाऱ्यांना २०२२ मध्ये इशारापत्रं पाठवली आहेत. औषधाच्या दुकानातलं चामखिळीचं द्रावण जाड, खरखरीत चामखिळीसाठी असतं. मानेच्या पातळ कातडीवर ते भाजतं.

पार्लरवाल्या मुलीही मेहनती असतात, त्यांच्यावर राग नाही. पण मशीन हातात असणं वेगळं आणि काय जाळतोय हे ओळखणं वेगळं. सुई किंवा टोक एका गिऱ्हाईकावरून दुसऱ्यावर नीट निर्जंतुक न करता वापरलं तर हिपॅटायटीस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. शिवाय एकदा जाळून टाकलं की तपासायला काही उरत नाही. कुणाकडेही गेलात तरी पाटीवर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. त्वचारोगतज्ज्ञ जवळ नसेल तर जनरल सर्जनही हे काम उत्तम करतात.

जाण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन. या स्वतःहून बंद करू नका. छोट्या मसासाठी बहुतेकदा बंद करायची गरजच नसते, आणि हृदयाच्या गोळ्या बंद करण्याचा धोका मसापेक्षा कितीतरी मोठा. पेसमेकर असेल तर आवर्जून सांगा, मग विजेवर चालणारं यंत्र टाळून कात्रीने काम करता येतं. दात काढताना भुलीच्या इंजेक्शनने त्रास झाला होता का, आधीच्या एखाद्या जखमेवर जाड फुगीर वण उठला होता का, गरोदर आहात का. गरोदरपणात आलेले मस बाळंतपणानंतर कधी कधी लहान होतात, म्हणून घाई नसेल तर आम्ही थांबायला सांगतो.

मंगळसूत्राचं आधीच ठरवून या. यंत्राने जाळायचं असेल तर गळ्यात धातू नको, आणि बऱ्याच बायका ऐनवेळी टेबलावर झोपल्यावर गोंधळतात, डोळ्यांत पाणी येतं. घरून निघतानाच हळकुंड बांधलेला दोरा सैल घालून या आणि मंगळसूत्र सोबतच्या माणसाकडे द्या. कात्रीने कापायचं असेल तर दोरासुद्धा बाजूला सारून काम होतं. नंतरही जखमा भरेपर्यंत, साधारण आठदहा दिवस, सोन्याची किंवा खोट्या दागिन्याची साखळी मानेवर नको.

प्रत्यक्ष काढणं असं होतं. मानेवर बधिर करणाऱ्या मलमाचा जाड थर लावतो, वर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवतो आणि तासभर बाहेर बसवतो. यात लिग्नोकेन आणि प्रिलोकेन ही दोन औषधं प्रत्येकी अडीच टक्के असतात. घाईने वीस मिनिटांत पुसलं तर परिणाम अर्धाच मिळतो, म्हणून वेळ काढून या. मग मलम पुसून जागा स्वच्छ करायची. स्पिरिट वापरलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, कारण यंत्राच्या ठिणगीने ते पेटू शकतं. बारीक चिमट्याने मसाचं टोक धरून हलकेच वर उचलायचं, म्हणजे खालचा देठ ताणून पांढरट दिसतो. वाकडी, बारीक टोकाची कात्री त्वचेला समांतर, अगदी देठाच्या मुळाशी टेकवायची आणि एकदाच दाबायची. तुम्हाला खुट् असा आवाज येतो, दुखत नाही. मागे टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका राहतो. त्यावर कापसाच्या काडीने ॲल्युमिनियम क्लोराइडचं पाणी टेकवून थोडा वेळ दाबलं की रक्त थांबतं. ते किंचित झोंबतं. अगदी बारीक देठाचा मस तर मलमाशिवायही कापता येतो, चिमटा काढल्याएवढं जाणवतं. देठ जाड असेल, पाचसहा मिलिमीटरच्या वर असेल, तर मुळाशी भुलीचं छोटं इंजेक्शन द्यावं लागतं. दुखतं ते त्या इंजेक्शनचंच, काही सेकंद, आणि जाड मसाला कधी एखादा टाकाही लागतो.

बारीक बारीक खूप असतील तर रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा कॉटरी या विजेवर चालणाऱ्या, जाळणाऱ्या यंत्राचं टोक टेकवून ते सुकवतो. रक्त जवळजवळ येत नाही, काम झपाट्याने होतं, केस जळल्यासारखा वास येतो तेवढा. फक्त हात हलका हवा. टोक खोलवर दाबलं की खाली खड्डा किंवा डाग राहतो. तिसरी पद्धत गोठवण्याची, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने. छोट्या गावात तो साठवून ठेवणं परवडत नाही, कारण तो सतत उडून जातो. आपल्याकडे तो गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्यांसाठी नियमाने येतो, माणसांच्या दवाखान्यात क्वचितच. आणि मला सावळ्या मानेवर गोठवणं फारसं आवडत नाही. रंगपेशी थंडीने चटकन मरतात आणि मसाच्या जागी पांढरा ठिपका उरतो. मानेसाठी कात्री किंवा हलक्या हाताची कॉटरी, हे माझं मत.

पापणीचा वेगळा विचार करायचा. पापणीच्या कातडीवर असेल तर डोळा झाकून बारीक कात्रीने त्वचातज्ज्ञ काढतात. पण अगदी कडेला, पापणीच्या केसांच्या रांगेत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जा. तसंच गुदद्वाराजवळचे किंवा लैंगिक अवयवांवरचे मस कुणाकडूनही परस्पर कापून घेऊ नका. पहिल्यात मूळव्याध किंवा चीर असू शकते, दुसऱ्यात विषाणूच्या चामखिळी असू शकतात आणि मग जोडीदाराचीही तपासणी लागते.

किती एका बैठकीत? मानेवरचे सगळे एकदम निघू शकतात. मोठ्या संख्येने असतील तर मी मान एकदा आणि काखा नंतर असं करते. दोन्ही काखांत एकदम जखमा असल्या की मेच्या उकाड्यात हात खाली करवत नाही. काढलेला एखादा मस काळा, कडक किंवा वेगळा वाटला तर तो फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवतात. डॉक्टरांनी तसं सुचवलं तर नाही म्हणू नका.

घरी गेल्यावर पहिला दिवस जागा कोरडी ठेवा. दुसऱ्या दिवसापासून साध्या साबणाने आंघोळ, टिपून कोरडं करणं, आणि साधं पेट्रोलियम जेलीचं बोट. खपली सातआठ दिवसांत आपोआप पडते, नखाने काढू नका. हळद, राख, नारळाचं तेल, कोरफड काही नको. हळद आपल्याला देवासारखी आहे हे मान्य, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि ओल्या जखमेवर तिचा रंगही बसतो. कोकणच्या दमट हवेत जखम भरायला आडवा येतो तो घाम. सैल सुती ब्लाउज, काखेला रोल-ऑन किंवा पावडर नाही, केस काढणं दोन आठवडे नाही. जखम भरेपर्यंत खाडीत, विहिरीवर, तळ्यात उतरू नका. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहायचं असेल तर जांघेतले आणि मांडीचे मस पावसाळा संपल्यावर काढा. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबा, मधेमधे उचलून बघू नका. लाली पसरत गेली, पू आला, ताप आला किंवा ठणका तिसऱ्या दिवशी वाढला तर परत या.

डागाबद्दल खरं सांगते. कापलेल्या जागी आधी गुलाबी, मग तपकिरी ठिपका दिसतो. आपल्या त्वचेत हा रंग काही आठवडे, कधी तीनचार महिने राहतो आणि फिका पडत जातो. उन्हात तो गडद होतो, म्हणून खपली पडल्यावर उघड्या मानेवर सनस्क्रीन लावा किंवा पदर घ्या. कायमचा वण फार कमी जणांना राहतो. छातीच्या मध्यावर, खांद्यावर आणि कानाच्या पाळीवर फुगीर वण उठण्याची शक्यता जास्त, तिथे गरज असेल तरच हात लावावा.

खर्च आधी विचारा, आणि स्पष्ट विचारा: दर एका मसाचा की पूर्ण बैठकीचा, मलम आणि पुढची भेट त्यात धरली आहे का. मेडिक्लेममध्ये हे बहुधा सौंदर्योपचार म्हणून धरलं जातं आणि पैसे मिळत नाहीत. ओरोस, रत्नागिरी आणि अलिबागला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सावर्ड्याजवळ डेरवणलाही वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. तिथल्या त्वचारोग ओपीडीत हे काम होतं. तुम्हाला देवगडहून ओरोस जवळ. सकाळी लवकर केस पेपर काढा, म्हणजे तपासणी आणि रक्त त्याच फेरीत होईल. उपाशीपोटी जा, डबा सोबत न्या, रक्त दिल्यावर खा. भूल मिळेल म्हणून दिवसभर उपाशी राहायची गरज नसते.

वैशाखातलं लग्न म्हटलंत, म्हणजे लग्नाच्या आदल्या आठवड्यात येऊ नका, तेव्हा मानेवर खपल्या असतील आणि दागिने घालता येणार नाहीत. किमान सहा आठवडे आधी, जमलं तर होळीच्या आसपास काढून घ्या. तोवर रंगही बराच उतरलेला असेल. तेवढा वेळ हातात नसेल तर लग्न होऊ द्या आणि मग काढा. मधल्या काळात अडकणाऱ्या मसावर छोटी चिकटपट्टी लावली आणि मंगळसूत्र थोडं लांब करून घेतलं की भागतं. मुलीला मात्र लग्नापर्यंत थांबवू नका. तिची साखर आणि पाळीची चौकशी याच आठवड्यात करून घ्या, आणि रिपोर्ट घेऊन तिला तुमच्याबरोबरच ओपीडीत आणा.